चार माणसं रमतील असं स्वयंपाकघर: ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किचनचं काम काढायच्या आधी घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या घरांतून जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मापं इंच-फुटांत आहेत, कारण गवंडी, सुतार आणि ग्रॅनाइटवाला त्याच मापांत बोलतात.

स्वयंपाकघरात माणसं रमावीत असं वाटतं. त्यासाठी किचन मोठंच हवं का?

मोठं असलं तर चांगलंच, पण तेवढ्यानं भागत नाही. ऐसपैस किचनमध्येसुद्धा दुसरा माणूस आला की फ्रीजला टेकून उभा राहतो आणि दोन मिनिटांत निघून जातो, असं पुष्कळ घरांत दिसतं. त्याला टेकायला जागा नसते, हाताला काम नसतं, आणि तो जिथे उभा असतो तिथूनच स्वयंपाक करणाऱ्याला सारखी ये-जा करायची असते. म्हणून आराखडा एकाच प्रश्नापासून सुरू करा: दुसरा माणूस कुठे बसेल? ही जागा शेगडी, सिंक आणि फ्रीज यांच्या वाटेबाहेर हवी. तरी शेगडीपाशी उभ्या माणसाशी आवाज न चढवता बोलता यावं इतकी जवळ हवी, म्हणजे ४ ते ६ फुटांवर. तिथे समोर ताट घेऊन मटार सोलता यावेत, मेथी निवडता यावी. ही जागा पक्की झाली की ओटा, दिवे, प्लग सगळं तिच्याभोवती लावता येतं.

अंदाज यावा म्हणून सांगतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेत (२०१६) वेगळी जेवणाची जागा असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि १.८ मीटर रुंद, आणि तिथेच जेवायचं असेल तर किमान ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर रुंद हवं असं म्हटलं आहे. आपल्या भाषेत पहिलं ५४ चौरस फूट, दुसरं ८१. तुमचं किचन दुसऱ्या मापाच्या आसपास असेल तर बसायची जागा आत निघते. पहिल्याच्या आसपास असेल तर बसणारा भिंतीपलीकडे ठेवून मधे वाट करावी लागते.

आमचं किचन ७ बाय १० आणि ओटा एकाच बाजूला आहे. यात बसायची सोय कुठे करणार?

७ फूट म्हणजे ८४ इंच. त्यातून ओट्याचे २४ गेले, उरले ६०. समोरच्या भिंतीला १६ इंच खोल बाक लावला की मधे ४४ इंच राहतात. बसलेल्याचे गुडघे आणखी ८ इंच पुढे येतात, तरी ३६ इंचांची वाट उरते. एका माणसाला वावरायला आणि दुसऱ्याला अंग चोरून जायला ती पुरते.

बाक १७ ते १८ इंच उंच आणि ४ फूट लांब ठेवला की दोघं बसतात. वरून उघडणारं झाकण मात्र करू नका. पीठ काढायचं म्हटलं की बसलेल्याला दर वेळी उठावं लागतं आणि मग तिथे कोणी बसेनासं होतं. समोरून ओढायचे दोन खण करा. तांदूळ, कणीक, डाळींचे मोठे डबे त्यात बसतात. बाकाची जागा खिडकीकडच्या टोकाला उत्तम. शेगडीच्या थेट मागे नको, कारण उकळतं पातेलं उतरवून वळणाऱ्या माणसाच्या आणि बसलेल्याच्या मधे काहीच राहत नाही. पाठीमागची टाइल गार लागते, तिथे लाकडी फळी किंवा खोळ धुता येईल अशी पातळ गादी लावा.

सुताराला बोलावण्याआधी जमिनीवर खडूनं बाक आखा, त्या जागी दोन प्लास्टिकची स्टुलं ठेवा आणि एक पूर्ण दिवस तसाच स्वयंपाक करा. फ्रीजचं दार पूर्ण उघडतं का, खालची ट्रॉली बाहेर आली की गुडघ्याला लागते का, हे त्या एका दिवसात कळतं.

जुन्या सोसायटीतलं ६ बाय ८ चं किचन आहे. तिथे तर बाकही मावणार नाही.

मग हॉलच्या भिंतीत खिडकी पाडा. ४ फूट रुंद, ३ फूट उंच, आणि तिचा खालचा कट्टा जमिनीपासून ४२ इंचांवर. कट्ट्याला १२ इंच रुंदीचा ग्रॅनाइट द्या आणि तो हॉलच्या बाजूला बाहेर काढा. हॉलमध्ये बसलेला माणूस तिथूनच चहा घेतो, कोशिंबिरीची काकडी चोचवतो, आणि तयार वाट्या टेबलावर नेतो. फोडणीच्या वेळी बंद करायला सरकती काच बसवा. भिंत पाडण्याच्या मानानं हे काम लहान आहे, पण भिंतीत भोक पाडण्याआधी पुढचं उत्तर वाचाच.

हॉल आणि किचनमधली भिंत पाडता येईल का?

भिंत कसली आहे यावर सगळं अवलंबून आहे. गेल्या काही वर्षांत ठाणे आणि नवी मुंबईत उभे राहिलेले अनेक टॉवर अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या ‘मायवान’ पद्धतीनं, बांधलेले आहेत. त्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात आणि भिंतीच इमारतीचा भार पेलतात. अशी भिंत पाडता येत नाही, तिच्यात खिडकी काढता येत नाही, वायरसाठी खोल खाचही मारता येत नाही. कंत्राटदार कितीही सहज ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी नाही.

ड्रिलचं भोक मारताना निघणारी पूड पाहा. तांबडी निघाली तर वीट, पांढुरकी आणि भुसभुशीत निघाली तर हलक्या ब्लॉकची भिंत, करडी आणि ड्रिल अडखळत असेल तर काँक्रीट. हा पहिला अंदाज झाला, परवाना नव्हे. खांब-तुळया नसलेल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींत विटांची भिंतसुद्धा वरचा मजला पेलत असते. बिल्डरचा मंजूर नकाशा सोसायटीकडून घ्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष जागा दाखवा, त्याचं लेखी मत घ्या. मग सोसायटीची लेखी परवानगी, आणि बांधकामात बदल होत असेल तर आपल्या महापालिकेची: ठाणे, नवी मुंबई, किंवा खारघर-कामोठेकडे पनवेल.

ओपन किचन चांगलं की बंद?

आपला स्वयंपाक फोडणीचा आहे. मोहरी तडतडली, मिरची पडली, सुकं खोबरं भाजलं की त्याचा ठसका आणि तेलाचे सूक्ष्म कण हॉलभर जातात आणि पडद्यांत, सोफ्याच्या कापडात बसतात. चिमणी त्यातलं बरंचसं ओढते, सगळं ओढत नाही. म्हणून आमचं मत अर्ध्या उघड्या किचनच्या बाजूचं आहे: नजर आणि आवाज आरपार जावा, वास हवा तेव्हा अडवता यावा. ८ मिमी टफन्ड काचेचं सरकतं दार हे काम उत्तम करतं. ते वरच्या रुळावर लटकणारं घ्या. खालच्या रुळात पीठ, कोथिंबिरीचे देठ आणि धूळ साचते, सहा महिन्यांत दार अडकायला लागतं.

घरात रोज शाकाहारी साधा स्वयंपाक होत असेल आणि खिडकी मोठी असेल तर पूर्ण उघडं किचनही सुखाचं होतं.

ओटा किती उंच असावा? सगळे ३४ इंच सांगतात.

सगळ्यांना एकच माप लागू करणं ही आपल्याकडची सगळ्यात सार्वत्रिक चूक, आणि तिची किंमत खांदे नि कंबर भरतात. चपला घालून सरळ उभं राहा, हात कोपरात वाका, जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजा. चिरणं, निवडणं, धुणं यांसाठी ओटा त्यापेक्षा ४ ते ६ इंच खाली हवा. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३८ इंचांवर येतं, म्हणजे तिला ३२ ते ३४ इंच.

पोळ्यांचं गणित निराळं आहे. लाटताना खांद्याचा भार लाटण्यावर यावा लागतो, त्यासाठी पृष्ठभाग कोपराच्या ७-८ इंच खाली हवा, म्हणजे ३० ते ३१. त्यात पोळपाटाचे पाय दीड-दोन इंच वर उचलतात. म्हणजे ३४ इंचांच्या ओट्यावर पोळपाट ठेवला की प्रत्यक्ष लाटणं ३६ इंचांवर होतं. पंधरा पोळ्यांनंतर मान का भरून येते ते इथे कळतं. उपाय दोन. एक म्हणजे ओट्याच्या टोकाला २ फूट भाग ४ इंच खाली घ्यायचा. दुसरा, वरच्या खणाच्या जागी २९-३० इंचांवर ओढून काढायची मजबूत फळी करायची. ती बसलेल्या माणसालाही कामाला येते. फळीला साध्या खणाची नव्हे, जास्त वजन पेलणारी आणि पूर्ण बाहेर आल्यावर अडकून राहणारी पट्टी हवी. नाहीतर लाटताना ती मागे सरकते.

शेगडीचंही तसंच. शेगडी स्वतः ५-६ इंच उंच असते, वर कुकर बसला की त्याच्या आत बघायला टाचा उंचावाव्या लागतात. ओट्यात बसवायचा हॉब घेतला की ही उंची वाचते.

माप तपासायचं सोपं काम: जेवणाच्या टेबलावर वह्या रचून ३१, ३३, ३५ इंच अशा तीन उंच्या करा आणि प्रत्येकीवर पाच पोळ्या लाटा. शरीर लगेच सांगतं.

ब्रेकफास्ट काउंटर करू का?

कोण बसणार ते आधी ठरवा. उंच स्टुलावर मुलं आणि तरुण आनंदानं बसतात. साठीपुढचं माणूस सहसा बसत नाही, पाय लोंबकळतात आणि उतरताना भीती वाटते. घरात आई-वडील असतील तर ३० इंचांचं टेबल आणि १८ इंचांची हात असलेली खुर्चीच बरी.

काउंटर करायचाच तर ३६ इंच उंचीला २४ ते २६ इंचांचं स्टूल, ४२ इंचांना ३० इंचांचं. माणशी २४ इंच रुंदी धरा. गुडघ्यांसाठी ३६ इंचांच्या काउंटरखाली १५ इंच आणि ४२ च्या खाली १२ इंच मोकळी जागा सोडा. ती सोडली नाही तर माणूस तिरका बसतो, आणि तिरका बसलेला माणूस फार वेळ टिकत नाही. दगड १० इंचांहून जास्त बाहेर येत असेल तर खाली लोखंडी आधार द्या.

चिमणी घेतली, तरी धूर जात नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा चिमणी चांगली असते, पाइप चुकलेला असतो. खोक्यावर तासाला १,२०० घनमीटर हवा ओढते असं लिहिलेलं असतं, पण ६ इंचांच्या पाइपचा कुणीतरी ४ इंच केलेला असतो, किंवा तीन काटकोनी वळणं घेऊन तो ड्राय बाल्कनीतून फिरवलेला असतो. प्रत्येक वळण ओढ कमी करतं. शेगडी बाहेरच्या भिंतीजवळ घेता आली तर घ्या: पाइप सरळ, लहान, एकच वळण. घड्यांचा लवचीक पाइप वापरावाच लागला तर पूर्ण ताणून बसवा. सैल राहिला की घड्यांत तेल साठतं.

उंची शेगडीपासून २६ ते ३० इंच. रुंदी शेगडीइतकी किंवा जास्त: दोन-तीन बर्नरना ६० सेंटीमीटर, चार बर्नरना ९०. आणि हवा बाहेर जायची तर आत यायला वाट लागते. सगळ्या खिडक्या बंद असतील तर चिमणी बाथरूमच्या जाळीतून हवा ओढते. ओट्यापासून लांबची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. उदबत्ती शेगडीवर धरून पाहिली की धूर कुठे वळतो ते दिसतं.

पाइप नसलेली, कोळशाच्या फिल्टरची चिमणी वासाचा काही भाग शोषते. उष्णता आणि वाफ घरातच राहते. दुसरा इलाजच नसेल तर घ्या.

बोंबील किंवा सुरमई तळायच्या पाच मिनिटं आधी चिमणी लावा आणि नंतर पंधरा मिनिटं चालू ठेवा. जाळ्या पंधरा दिवसांनी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणानं धुवा. चिकट झालेली जाळी हवा अडवते आणि वास तिच्यातूनच येत राहतो.

किचनमध्ये गप्पा मारत बसायचं तर पंखा हवाच ना?

हवाच, ठाण्याचा मे महिना पाहता. पण छताचा पंखा ज्योत हलवतो, गॅस वाया जातो, पातेल्याखाली काजळी धरते. बसायच्या जागेवर भिंतीचा छोटा पंखा लावा, तोंड शेगडीकडे न करता. गरम हवा बाहेर टाकायला छताजवळ ९ इंचांचा एक्झॉस्ट, शक्यतो हवा आत येते त्याच्या समोरच्या बाजूला.

गॅसचा पाइप ट्रॉलीमागे लपवला तर चालेल का?

नाही. पाइपचा गॅस आपल्या भागात महानगर गॅस पुरवते. तिची लाइन आणि झडप दिसायला आणि हाताला लागायला हवी. शेगडीची जागा बदलायची तर लाइन कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच हलवून घ्यायची. सुताराला आणि प्लंबरला हात लावू देऊ नका. अर्ज वेळेवर करा, या एका गोष्टीसाठी संपूर्ण काम थांबून राहतं.

पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, गळला तर छताकडे जमतो. म्हणून वरचा झरोका किंवा जाळी बुजवून तिथे माळा करू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. सिलिंडर ओट्याखाली ठेवत असाल तर दाराला अगदी खाली भोकं किंवा जाळी ठेवा. वास आला तर कुठलंच बटण दाबू नका, चिमणीचंही नाही. आधी झडप बंद, मग खिडक्या. रबरी नळी पाच वर्षांनी बदला.

उजेड कसा असावा?

छताच्या मधोमध एकच पांढरी ट्यूब म्हणजे ओट्यावर तुमचीच सावली. भाजी चिरताना बोटं सावलीत राहतात. वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावा, ४,००० केल्विनची. मागच्या कडेला लावली की टाइलवर झळाळी येते आणि ओट्याचा पुढचा भाग अंधारात राहतो.

बसायच्या जागेवर उबदार पिवळा उजेड, २,७०० ते ३,००० केल्विन, आणि त्याचं बटण वेगळं. स्वयंपाक आटोपला की ओट्याचे दिवे बंद करून तेवढाच ठेवला, तर त्याच खोलीत रात्रीचं दूध पीत अर्धा तास गप्पा होतात. दिवा घेताना खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या पुढे आहे का ते बघा. कमी असेल तर मसाला करपलाय की खमंग झालाय ते रंगावरून ओळखू येत नाही.

ओट्याला ग्रॅनाइट, मार्बल की क्वार्ट्झ?

रोज वापरायच्या ओट्याला काळं ग्रॅनाइट, १८ ते २० मिमी जाड. गरम कढई सोसतं, डाग धरत नाही, किंमत आवाक्यात. मार्बल नको: लिंबू, चिंच, आमसुलाचं आगळ सांडलं की आम्ल त्याला खातं आणि चकाकी गेलेला पांढरट डाग राहतो, जो पुसून जात नाही. क्वार्ट्झमध्ये दगडाची पूड राळेनं जोडलेली असते. उतरवलेला तवा थेट ठेवला तर राळ पिवळी पडते किंवा तडा जातो. फिका रंग हवाच असेल तर क्वार्ट्झ बसायच्या काउंटरला लावा आणि ओट्याला ग्रॅनाइट. फिक्या दगडावर हळदीचा डाग पडला तर घाबरू नका, ऊन येत असेल तर बराचसा उडतो.

एक बारीक गोष्ट नक्की करून घ्या. ओट्याच्या पुढच्या कडेला, खालच्या अंगानं, ५-६ मिमी रुंदीची खाच मारायला सांगा. ओट्यावरून ओघळलेलं पाणी कडेखालून मागे सरकतं आणि थेंबाथेंबानं ट्रॉलीच्या दारांत मुरतं. खाच असली की थेंब तिथेच तुटून खाली पडतो. दगड बसवल्यावर ही खाच मारणं अवघड, आधी सांगावं लागतं. शेगडीमागच्या टाइलच्या फटी इपॉक्सीनं भरा. साध्या सिमेंटच्या फटी तेल पितात, वर्षभरात पिवळ्या होतात.

खाडीजवळ राहतो. पावसाळ्यात ट्रॉल्या फुगतात, बुरशी येते.

प्लायवर आयएस ७१० चा शिक्का पाहा, तो मरीन प्लाय. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) ओट्याखाली वापरू नका, पाण्यानं बिस्किटासारखं फुगतं. पाणी पृष्ठभागातून नव्हे, कापलेल्या कडेतून शिरतं, म्हणून चारही कडांना, न दिसणाऱ्यासुद्धा, पट्टी लावून घ्या. सिंकखाली प्लाय टाळाच. कडप्प्याचे कप्पे करा आणि दाराला जाळी द्या. जाळ्यांच्या ट्रॉल्या ३०४ दर्जाच्या स्टीलच्या; स्वस्तातल्या २०२ ला दमट हवेत गंजाचे ठिपके येतात. ट्रॉल्या ४ इंचांच्या पायांवर उभ्या ठेवा आणि खालची पट्टी काढता येणारी करा. तिथे झाडू पोचला नाही की झुरळांची वसाहत होते.

उबदार दिसायला लाकडाच्या पोताचा मॅट सनमायका चांगला. चकचकीत ॲक्रिलिकवर प्रत्येक बोट उमटतं, आणि मग मुलांना ‘हात लावू नका’ सांगण्यात दिवस जातो. पितळेचे डबे, आजीचा मोठा डाव, लोणच्याच्या बरण्या यांना एक उघडी फळी द्या, पण शेगडीपासून निदान ३ फूट लांब, नाहीतर तेलकट धूळ बसते.

प्लग पॉइंट किती?

तुम्हाला वाटतात त्याहून तीन जास्त. मिक्सर, प्युरिफायर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, चिमणी, फ्रीज, आणि बसायच्या जागेपाशी एक, फोन आणि टोस्टरसाठी. इंडक्शन २,००० वॉट, केटल १,५००, मायक्रोवेव्ह १,२००: एकाच लाइनीवर एकदम लावले तर २० अँपिअर होतात आणि १६ चा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारं बटण) पडतो. जड उपकरणांना दोन वेगळ्या लाइनी द्या, तांब्याची ४ चौरस मिमी वायर, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण). प्लग ओट्यापासून ८-१० इंच वर, सिंकपासून दोन फूट दूर, शेगडीच्या मागे कधीच नाही.

सकाळी डब्यांच्या वेळी तिघं आत असतात आणि भांडणं होतात.

हा घराच्या स्वभावाचा नव्हे, आखणीचा दोष आहे. साडेसहाला पोळ्यांच्या मावशी, भाजी परतणारं कोणी, आणि लोकल गाठायची म्हणून डबा भरणारा तिसरा, सगळे एकाच तीन फुटांत येतात. डबे भरायला वेगळी जागा काढा: शेगडीपासून लांबच्या टोकाला किंवा फ्रीजशेजारी ३ फूट काउंटर. त्याच्याच खणात डबे, चमचे, रुमाल, वर पाण्याच्या बाटल्या. डबा भरणाऱ्याला शेगडीपाशी जावंच लागू नये. सिंक आणि शेगडीच्या मधे किमान २, जमलं तर ३ फूट ओटा मोकळा हवा, आणि शेगडीच्या दुसऱ्या बाजूला १५ इंच, भांडं उतरवायला. समोरासमोर दोन ओटे असतील तर मधे एकासाठी ४२ इंच, दोघांसाठी ४८.

गणपतीत मोदक आणि दिवाळीत फराळ सगळे मिळून करतो. त्यासाठी वेगळं काही करावं का?

करावं, कारण स्वयंपाकघर खरं भरतं ते याच दिवसांत. उकड गरम असतानाच मळावी लागते आणि मळताना अंगाचा भार हातावर येतो. ओट्यावर परात उंच पडते, हात दुखतात, उकड गार होते आणि मोदकाला चिरा जातात. ३० इंचांच्या टेबलावर किंवा जमिनीवर बसून ती नीट मळली जाते. म्हणून भिंतीला दुमडून ठेवता येणारं ३ फूट बाय १८ इंचांचं टेबल करा. एरवी ते भिंतीला चिकटून राहतं.

चकल्या तळताना मात्र शिस्त हवी: सोऱ्या धरणारा टेबलाशी, तळणारा शेगडीपाशी, मधून मुलांची ये-जा नाही. तळलेलं निथळायची चाळणी शेगडीच्या भिंतीकडच्या बाजूला. कढईत तेल पेटलं तर गॅस बंद करून वर जड झाकण. पाणी अजिबात नाही.

जमिनीवर बसणाऱ्यांसाठी ५ बाय ४ फूट मोकळा तुकडा राहील असं बघा. तिथे चकचकीत टाइल नको, मॅट आणि न घसरणारी घ्या.

सिंक दुसरीकडे हलवू का?

ड्रेनेजच्या जवळ असेल तर. दर फुटाला पाव इंच उतार लागतो, म्हणजे चार फूट हलवलं की पाइप एक इंच खाली उतरवावा लागतो. तेवढी खोली नसेल तर सिंक तुंबतच राहणार. खालच्या घराच्या बेडरूमवर नवी पाण्याची जागा आणू नका.

काम कुठल्या क्रमानं आणि केव्हा करावं?

तोडफोड, नळ आणि ड्रेनेज, वायरिंगच्या नळ्या, वॉटरप्रूफिंग, पाणी साठवून निदान २४ तास तपासणी, टाइल, ओटा, मग ट्रॉल्यांची मापं, शेवटी चिमणी आणि दिवे. ट्रॉलीची मापं आधी घेतली की हमखास फसतं: प्लास्टर आणि टाइल मिळून इंच-दीड इंच खातात आणि तयार कपाट बसत नाही. चार ते पाच आठवडे धरा. गणपतीआधी हवं असेल तर एप्रिलमध्ये सुरुवात करा. जून उजाडला की ओल्या भिंती वाळत नाहीत आणि सनमायका निघून येतो. आवाजाच्या कामाची वेळ आणि डेब्रिज कुठून न्यायचं हे सोसायटीकडून लेखी घ्या.

भाड्याचं घर आहे. काहीच तोडता येणार नाही.

तरी पुष्कळ करता येतं. ३० इंच उंचीचं, ब्रेक असलेल्या चाकांचं टेबल आणा: सकाळी डबे भरायला, संध्याकाळी भाजी निवडायला. दोन स्टुलं त्याच्याखाली सरकतील अशी. कपाटाखाली चिकटवायची एलईडी पट्टी, बसायच्या कोपऱ्यात पिवळा दिवा. ओटा उंच पडत असेल तर पोळ्या त्या टेबलावर लाटा. ओटा ठेंगणा असेल तर चिरायला ३ इंच जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा, खाली ओलं फडकं टाकून, म्हणजे सरकत नाही.